काळ्या पट्टीखालचं जेवणघर

गेलेल्या माणसाचा फोटो करून घ्यायचा असेल तर इंदुताईंकडे जा, असं संत तुकाराम नगरापासून पिंपळे गुरवपर्यंत लोक एकमेकांना सांगतात. कुणी मतदान कार्ड घेऊन येतं, कुणी लग्नातला ग्रुप फोटो आणतं. त्यात आपला माणूस मागच्या रांगेत, अर्धा कान कुणाच्या तरी फेट्याआड. इंदुताई तेवढ्यातून तो माणूस बाहेर काढतात. चुरगळलेली कॉलर सरळ करतात, आजारपणात आत गेलेले गाल जरासे भरतात, कुणाला हयातीत कधी न मिळालेला कोट चढवतात. दहाव्याच्या आदल्या दिवशी फ्रेम तयार. घरची माणसं फ्रेमकडे बघतात आणि म्हणतात, "व्हय, असाच होता."

असाच नव्हता, हे इंदुताईंना ठाऊक असतं. तरी त्या फ्रेम कागदात गुंडाळून देतात.

दुकानाच्या पाटीवर नाव आहे ‘कोंडाजी फोटो’. कोंडाजी त्यांचे नातेवाईक नव्हेत, गुरू. इंदुताई मूळच्या भूम तालुक्यातल्या. लग्न होऊन त्या पिंपरीत आल्या, तेव्हा नवरा ज्ञानदेव कंपनीत लेथवर होता आणि एका खोलीत दिवसभर करायला काही नव्हतं. एकदा शेजारणीबरोबर फोटो काढायला गेल्या, तर कोंडाजी खिडकीपाशी बसून निगेटिव्हवर पेन्सिलीनं काहीतरी कोरत होते. इंदुताई बघत राहिल्या. "काय करताय?" असं न राहवून विचारलं, तर म्हातारा म्हणाला, "देवीचे व्रण बुजवतोय." त्यांनी गंमत म्हणून पेन्सिल पुढं केली. इंदुताईंचा हात रांगोळीचा, बारीक आणि न थरथरणारा. महिन्याभरात त्या रोज दुपारी तिथं जाऊ लागल्या, आणि पंधरा वर्षांनी कोंडाजी आपल्या गावी परत निघाले तेव्हा किल्ली त्यांच्याच हातात देऊन गेले. निगेटिव्ह गेल्या, पेन्सिल गेली, कॉम्प्युटर आला. इंदुताई तेही शिकल्या. साठीला आल्या तरी डोळे शाबूत आहेत आणि हात अजून थरथरत नाही.

गेल्या जानेवारीत, एका सोमवारी सकाळी, तळेगाव दाभाड्याचे दादासाहेब गरुड रिक्षातून उतरले. निवृत्त विज्ञान शिक्षक, उंच, पांढरा शर्ट. हातात लाकडी खोका होता, तो त्यांनी रिक्षावाल्यालाही उचलू दिला नाही.

"इंदुताई आपणच ना? जुन्या काचा आहेत. तुम्ही काचेवरचं काम केलेलं आहे, असं कळलं."

"मी फिल्मवर केलंय, सर. काचेवरचं काम कोंडाजींनी दाखवलं होतं, तेवढंच. बघू तर."

खोक्यात आठ काचा होत्या, प्रत्येक जुन्या तपकिरी कागदात गुंडाळलेली. दादासाहेबांचे आजोबा सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होते. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी, सत्त्याण्णवच्या दुष्काळात, त्यांची नेमणूक चाकणच्या बाजूला एका दुष्काळी कामावर झाली होती. उपाशी माणसांना कामाला लावून सरकार तळी खोदून घेई, रस्ते बांधून घेई, त्यातलंच एक. तिथं एका गोऱ्या साहेबानं हे फोटो काढले. साहेब बदलून गेला, काचांचा खोका कंपाउंडरच्या ताब्यात राहिला. तीन पिढ्या तो माळ्यावर होता. दादासाहेबांनी तो उघडला नुकत्याच सरलेल्या दिवाळीत.

"आता विजयश्री मॅडम म्हणून आहेत," ते म्हणाले, "चिंचवडला कॉलेजात इतिहास शिकवतात. त्या मार्चमध्ये प्रदर्शन भरवताहेत, दुष्काळावर. या काचांवरचे ओरखडे, बुरशी, सगळं साफ करून मोठे फोटो करून हवेत. हा एक सगळ्यांत महत्त्वाचा. याचा छापील फोटो परदेशातल्या एका ग्रंथालयात आहे म्हणे, इंटरनेटवरही दिसतो. पण मूळ काच ही."

इंदुताईंनी टेबलावर दिव्याची पांढरी पाटी ठेवली, तिच्यावर काच ठेवली, वरून कॅमेरा लावला. काचेवर सगळं उलटं असतं. काळं ते पांढरं, पांढरं ते काळं. माणसं आहेत एवढंच कळत होतं. मग त्यांनी कॉम्प्युटरवर चित्र पलटवलं.

नऊ माणसं होती. पुढं पाच बसलेली, मागं चार उभी. गुडघे मांड्यांपेक्षा जाड. बरगड्या मोजता येतील अशा. एका बाईच्या मांडीवर मूल, त्याचं डोकं हललेलं, त्यामुळं तिथं नुसता धुरकट गोळा. सगळ्यांची नजर समोर.

दादासाहेब खिडकीबाहेर बघू लागले. बहुधा त्यांना हा फोटो नीट बघायची सवय अजून झाली नव्हती. इंदुताई मात्र बघत राहिल्या. त्यांना आधी दिसला उजेड. सकाळचा, डाव्या बाजूनं. मग माणसांच्या मागं ताणून धरलेलं पांढरं कापड. ते कशासाठी, हे त्यांना लगेच कळलं. स्टुडिओत त्याही काळ्यासावळ्या माणसामागं फिका पडदा लावतात, अंगाची कड उठून दिसावी म्हणून. उंच माणसं मागं, बुटकी पुढं. लग्नातल्या ग्रुप फोटोत बसवतात तशी कुणीतरी ती बसवली होती. आणि मग कोपऱ्यात, उभ्या म्हाताऱ्याच्या पायामागं, त्यांना कपड्यांचा ढीग दिसला. लुगड्याचं एक टोक, एक बंडी, एक घोंगडी.

"सर," त्या हळूच म्हणाल्या, "यांच्या अंगावर कपडे होते. काढायला लावलेत."

दादासाहेबांनी वळून पाहिलं. दोन महिन्यांत त्यांना तो ढीग दिसला नव्हता.

त्या दिवशी काम सुरू झालं. बुरशीचे ठिपके एकेक करून पुसायचे, ओरखडा बुजवायचा, पुढं सरकायचं. इंदुताईंचा हात सवयीनं चालत होता, आणि अडीच-तीन तासांनी त्यांच्या लक्षात आलं की आपण मांडीवर मूल असलेल्या त्या बाईचा गाल भरायला लागलो आहोत. कुणी सांगितलं नव्हतं. हात आपोआप तिकडं गेला होता. त्यांनी माउस सोडला, केलेलं सगळं पुसून टाकलं आणि दुकान दुपारीच बंद केलं.

घरी ज्ञानदेव पेपर वाचत बसले होते. "आज लवकर?" त्यांनी विचारलं.

"अहो, बहात्तरचा दुष्काळ आठवतोय का तुम्हाला?"

"आठवतो की. कामावर वाटायचे ती सुकडी खाल्लीय मी. का गं?"

इंदुताईंनी चहा टाकला आणि उभ्या उभ्याच सांगू लागल्या. इतक्या वर्षांच्या संसारात ही गोष्ट त्यांनी नवऱ्याला कधी सांगितली नव्हती. बहात्तर साली त्या सात वर्षांच्या. आई, गोजाबाई, रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची, लेकीला बरोबर न्यायची. एक दिवस जीपमधून एक जण आला, गळ्यात कॅमेरा. तो म्हणाला, आहात तशाच राहा, काम करत राहा. सगळ्या बाया घण हातात धरून तशाच थांबल्या. गोजाबाईनं मात्र घण खाली ठेवला. "थांबा," ती म्हणाली, "लेकीची येणी घालते." माणूस चिडला, म्हणाला, बाई, असंच पाहिजे, विस्कटलेलं. आईनं ऐकलं नाही. धुळीनं राठ झालेल्या केसांतून बोटं फिरवून, लुगड्याच्या काठाची चिंधी फाडून, तिनं वेणी घातली आणि मग म्हणाली, आता काढा. त्यानं काढला की नाही, कुणास ठाऊक. जीप निघून गेली.

"मला तवा आईचा राग आला होता," इंदुताई म्हणाल्या. "सगळ्या बाया हसायल्या होत्या."

ज्ञानदेवांनी पेपर घडी करून बाजूला ठेवला. मग म्हणाले, "मग आता काय करणार? काम परत देणार का?"

"परत कसं देऊ? दुसरा कुणीतरी करंल. आणि नीट बघणारसुद्धा नाही."

दुसऱ्या दिवशी त्या दुकानात गेल्या त्या एक गोष्ट मनाशी ठरवून: कुणाचं काही भरायचं नाही, कुणाचं काही काढायचं नाही. काच जशी आहे तशी स्वच्छ करायची. म्हणून त्यांनी काच पुन्हा हातात घेतली, उजेडात तिरकी धरली, आणि तेव्हा त्यांना काठावरची पट्टी दिसली.

काचेचा उजवीकडचा तिसरा हिस्सा कालपासून काळाच दिसत होता. त्यांना वाटलं होतं, प्लेट तिकडं खराब झाली असावी. पण तो काळा रंग नव्हता, कागद होता. पातळ काळा कागद काचेच्या पाठीमागं, गुळगुळीत बाजूला, डिंकानं चिकटवलेला. कड अगदी सरळ, सुरीनं कापलेली.

हे काम इंदुताईंनी स्वतः शेकडो वेळा केलेलं होतं. फोटोत नको असलेला भाग छापताना येऊ नये म्हणून निगेटिव्हवर काळा कागद लावायचा. वधूवरांच्या शेजारी उभा राहिलेला आगंतुक, मागची मोरी, दोरीवरचे कपडे. कोंडाजी त्याला ‘झाकण मारणं’ म्हणत.

त्यांनी तळेगावला फोन लावला. "सर, काचेवर झाकण आहे. खाली चित्र आहे. काढू का?"

पलीकडून दादासाहेब म्हणाले, "काच फुटली तर?"

"फुटणार नाही. पण तुम्ही नको म्हणालात तर हात लावणार नाही."

"मी येतो," दादासाहेब म्हणाले. "मी आल्याशिवाय सुरू करू नका."

लोकल पकडून ते बाराच्या आत आले. इंदुताईंनी शटर अर्धं ओढलं. मसाल्याची बाजू, म्हणजे जिच्यावर चित्र असतं ती, खाली मऊ कापडावर. वरच्या बाजूला कापसाचा ओला बोळा, नुसता दमट. पाणी ओघळलं तर सव्वाशे वर्षांचं चित्र विरघळून जाईल. बोळा लावायचा, थांबायचं, कागदाचा कोपरा बोटाच्या नखानं उचलायचा, पुन्हा थांबायचं. दादासाहेब शेजारी उभे होते, आणि वर्गात परीक्षेच्या वेळी फिरावं तसे मधूनच दोन पावलं टाकून परत येत होते. दीड तासानं पट्टी सुटली. खालची काच इतकी ताजी होती की जणू काल काढलेली.

इंदुताईंनी ती दिव्यावर ठेवली, फोटो घेतला, पलटवला.

पांढरं कापड तिथं संपत होतं. त्याचं टोक एका माणसानं हात उंच करून धरलं होतं, तो कंटाळलेला दिसत होता. आणि त्याच्या पलीकडं तीन दगडांच्या तीन चुली, चुलींवर मोठी भांडी, वाफ. पाच बाया. एक डाव घेऊन ढवळत होती. एक बसून भाकरी थापत होती, तिचे हात हलल्यामुळं पुसट आले होते. एक पाठमोरी, खाली वाकून, जमिनीवर बसलेल्या म्हाताऱ्याच्या तोंडाशी वाटी धरलेली. दोघींच्या डोक्यावर मातीच्या पाट्या, कामावरून येता येता थांबल्यासारख्या. त्यांतली एक थेट कॅमेऱ्याकडं बघत होती, कपाळाला आठी घालून. मागं अर्धवट बांध आणि त्याच्यामागं डोंगर, मधोमध खिंड असलेला.

"जेवण चालू आहे," दादासाहेब म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. "शेजारीच जेवण चालू आहे."

काच ज्या तपकिरी कागदात होती, त्याच्या आतल्या बाजूला मोडी लिपीत एक ओळ होती. दादासाहेबांना मोडी येत नव्हती. कागदाचा फोटो विजयश्री मॅडमना पाठवला. तासाभरात त्या स्वतःच आल्या. पस्तिशीच्या, खांद्यावर सॅक, कपाळावर घाम. त्यांनी ओळ वाचली: "भोरखिंड. तळ्याचे काम. जेवणघर, गावच्या बाया."

मग त्यांनी पूर्ण फोटो पाहिला, आणि त्यांचा चेहरा उजळला, पण पाठोपाठ पडलाही.

"बॅनर छापायला गेलंय," त्या म्हणाल्या. "अर्ध्या फोटोचं. नऊ माणसांचं."

"ते थांबवा," इंदुताई म्हणाल्या.

"काकू, ऐका. तेव्हा लोक मरत होते आणि धान्य बाहेरगावी जात होतं. कामावरची मजुरी इतकी कमी की राबूनही पोट भरू नये. ही माणसं तशी दिसलीच पाहिजेत. बघणाऱ्याला हादरा बसला पाहिजे. हा जेवणाचा भाग लावला तर कुणीही म्हणेल, बघा, सरकार तर जेवू घालत होतं."

मॅडमचं म्हणणं खोटं नव्हतं, हे इंदुताईंना कळत होतं. त्यांनी नऊ जणांकडं पाहिलं, मग वाटी धरलेल्या बाईच्या पाठीकडं.

"मॅडम, हादरा बसू द्या. यांच्या बरगड्या मी झाकणार नाही, काल झाकायला निघाले होते, तरीसुद्धा. पण साहेबानं अर्धं झाकलं आणि आपणही अर्धंच दाखवायचं? सरकार जेवू घालत होतं का कोण, ते त्या गावात विचारू ना. गाव आहे का अजून?"

गाव होतं. चाकणपासून आत, दोन मोठ्या कारखान्यांच्या कंपाउंडमधून गेलेल्या रस्त्यानं. गुरुवारी एमआयडीसीला सुटी असते. ट्रक कमी, रस्ता मोकळा. दादासाहेबांच्या जुन्या गाडीतून तिघं निघाले. भोरखिंडीत पोहोचताच इंदुताईंनी गाडीची काच खाली केली. डोंगर तोच होता, मधोमध खिंड असलेला. तळंही होतं, बांध आता झाडांनी भरलेला. पलीकडं एका गोदामाचं निळं छप्पर चमकत होतं.

गावात विचारल्यावर सगळ्यांनी एकच नाव सांगितलं, भागूबाई. पंचाऐंशी वर्षांची बाई, पडवीत शेंगा फोडत बसली होती. नातू कंपनीत, नातसून कंपनीत, घरात तीच. इंदुताई तिच्या शेजारी जमिनीवर बसल्या आणि मोठा करून आणलेला फोटो मांडीवर उलटा ठेवला. आधी विचारलं, "मावशी, ते तळं कुणी बांधलं?"

"आमीच बांधलं," भागूबाई सहज म्हणाली, जणू गेल्या वर्षीची गोष्ट. "माझ्या आजेसासऱ्यानं. ती माणसं उगवतीकडनं आली हुती, चालत. तिकडं पाऊस न्हाई, दाणा न्हाई. हितं काम निघालंय म्हणून कळलं. आमच्या आळीला अजून तळकरी आळी म्हंत्यात. काम झालं, काही परत गेली, काही हितंच ऱ्हायली. आमी ऱ्हायलेली."

"आणि जेवण? सरकार द्यायचं?"

भागूबाई हसली. तिला दोन-तीनच दात होते. "सरकार मापानं द्यायचं. काम केलं त्याला. जो उठू शकत न्हाई त्याला काय? त्याला गावच्या बायांनी घातलं. सासू सांगायची, गावातल्या बायांनी आपसात वाटा पाडलं हुतं. दर घरातनं मूठमूठ. त्यांच्या घरात तरी काय हुतं? पण शिजवलं. आमी उगवतीकडची, ह्या गावची न्हाई, तरी शिजवलं."

विजयश्री मॅडम वहीत लिहून घेत होत्या. त्यांनी लिहिणं थांबवलं.

इंदुताईंनी फोटो सुलटा केला, पण नकळत उजव्या भागावर हात ठेवून. भागूबाईला एकदम सगळं दाखवावं का, हे त्यांचं ठरलं नव्हतं. म्हातारीनं चष्मा लावला. नऊ माणसांवरून तिचं बोट सावकाश फिरलं, एकेका चेहऱ्यावर थांबत. तिनं तोंड फिरवलं नाही, की अरेरे केलं नाही. मांडीवरच्या पुसट मुलापाशी बोट थांबलं.

"ह्यास्नी मग जेवाया मिळालं का गं?" तिनं विचारलं.

इंदुताईंनी हात उचलला.

भागूबाई बघत राहिली. चुली, भांडी, वाटी, पाट्या. आठी घातलेल्या त्या बाईपाशी तिचं बोट आलं आणि ती पुन्हा हसली. "हिला घाई झालीया," ती म्हणाली. "हिकडं जेवाण गार व्हतंय आन् तिकडं हे फोटू काढत्यात."

दादासाहेबांनी चष्मा काढून पुसायला घेतला. परतताना चाकणच्या चौकात सिग्नलला थांबले तेव्हा विजयश्री मॅडमनी फोन काढून छापखान्याला लावला. "बॅनर थांबवा," त्या म्हणाल्या. "नवीन पाठवते. लांबट आहे, माप बदलेल." मग मागं वळून इंदुताईंना म्हणाल्या, "काकू, एक अट. त्या माणसांना कपडे काढायला लावले होते, तेही तुम्हीच फोटोखाली लिहायचं. तुम्हाला दिसलं तसं."

"मला लिहिता येत नाही हो एवढं."

"मग सांगा. मी लिहिते."

साहेबानं तो भाग का झाकला, हे शेवटपर्यंत कळलं नाही. दादासाहेबांचं म्हणणं, परदेशात मदत मागायची तर नुसती असहाय माणसंच दाखवावी लागली असतील. विजयश्री मॅडमना वाटतं, आपल्या व्यवस्थेचं अपुरेपण त्याला उघड करायचं नव्हतं. इंदुताई म्हणतात, कदाचित त्याला कापड धरलेला माणूस नको असेल, बस. "मीसुद्धा असंच किती जणांना झाकलंय," असं वर सांगतात.

प्रदर्शन कॉलेजात न होता भोरखिंडीच्या शाळेत झालं, मार्चमधल्या गुरुवारी, कंपन्या बंद असतात म्हणून. कॉलेजच्या प्राचार्यांना ते फारसं पटलं नव्हतं, पण पोरं बस भरून आली. आठही काचांचे फोटो वर्गांच्या भिंतींवर लावले होते. खडीचे ढीग, बांधावरची रांग, दवाखान्याचा तंबू, त्याच्या दारात पागोट्यातले कंपाउंडर. दादासाहेबांनी आजोबांचा तरुण चेहरा पहिल्यांदाच पाहिला होता. आणि मधल्या भिंतीवर तो लांब फोटो. खाली तीन ओळी: ही माणसं उगवतीकडून चालत आली, त्यांची नावं कुणी विचारली नाहीत. त्यांचे कपडे फोटोसाठी काढले होते, ते मागे पडलेले दिसतात. उजवीकडे त्यांचं जेवण शिजतंय.

तळकरी आळीतली झाडून सगळी घरं आली. माणसं फोटोपुढं उभी राहून कान, नाक, हनुवट्या जुळवत होती. ही आपल्या बाळूसारखी दिसते, हा थेट तात्या. खरं किती, खोटं किती, कोण सांगणार? पण गावच्या जुन्या घरातल्या एका सुनेनं डाव धरलेल्या बाईला बघून छातीवर हात ठेवला आणि ती ढसढसा रडली, आणि तिच्या शेजारी उभी असलेली तळकरी आळीतली बाई तिला पाणी देत म्हणाली, "रडती का? तुमच्यामुळं आमी हाय."

दुपारी गर्दी ओसरली. इंदुताई मधल्या वर्गात बाकावर बसून पाय लांब करत होत्या, तेवढ्यात एक तरुण आत आला. अंगावर कंपनीचा निळा शर्ट, खांद्याला डबा. तो लांब फोटोपुढं उभा राहिला तो हलेचना. शेवटी इंदुताईंनीच विचारलं, "कुठला रे तू?"

"परांड्याकडचा. नवनाथ. इथं कॉन्ट्रॅक्टवर आहे, चार महिने झाले." त्याच्या बोलण्यातला हेल ऐकून इंदुताई सावरून बसल्या. आपल्याच बाजूचा. "काकू, इथं लिहिलंय की माणसं उगवतीकडनं आली होती. म्हंजे आमच्याकडचं कुणी असंल का ह्यात?"

दारात खुर्चीवर बसलेल्या भागूबाईला ऐकू कमी येतं, पण हे आलं.

"आसंल की," ती म्हणाली. "हिकडं ये. नाव काय तुझं? जेवलास का?"

"डबा आहे, आजी. मेसचा."

"मेसचा ठेव संध्याकाळला. आज आळीत पंगत हाय." तिनं काठीनं बाहेरच्या मांडवाकडं दाखवलं. तिथं ताटं मांडली जात होती. "आन् ह्या फोटूवाल्या बाईलाबी घिऊन ये. सकाळपासनं नुसती उभी हाय."

नवनाथनं डबा खांद्यावर पुन्हा नीट लावला आणि इंदुताईंना हात दिला. बाकावरून उठताना गुडघे जरा कुरकुरले. दोघं मांडवाकडं निघाले, आणि वाटेत त्यांच्या बोलण्यावरून ओळखून तो विचारत होता, "काकू, तुम्ही भूमच्या का? कुठलं गाव?"